लहान संस्थेच्या वेब ॲप्लिकेशनसाठी पीएचपी निवडावी का?

गिरगावकर (धागाकर्ता)

नमस्कार. दक्षिण मुंबईतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीला संगणकाच्या कामात मी मदत करतो. पुस्तकांची सूची, सभासदांच्या नोंदी, वर्गणी व अनामत यांचा हिशेब आणि रोजची देवघेव ही कामे ब्राउझरमधून करता येतील असे वेब ॲप्लिकेशन वाचनालयाला करून घ्यायचे आहे. जे प्रस्ताव आले आहेत, त्यांतील बहुतेकांत ब्राउझरमध्ये चालणारे वेगळे ॲप्लिकेशन, त्यामागे स्वतंत्र एपीआय (त्या ॲप्लिकेशनला माहिती पुरवणारा वेगळा प्रोग्राम), कंटेनर (प्रोग्राम त्याच्या सर्व गरजांसह बांधून ठेवणारी पेटी) आणि दोन-तीन क्लाउड सेवा असा मोठा पसारा मांडलेला आहे. हे सारे काम साध्या पीएचपीत (सर्व्हरवर चालून वेब पाने तयार करणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर करावे असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो आणि जाणकारांनी ती तपासावीत अशी विनंती करतो.

पीएचपीचा साधेपणा म्हणजे ती शिकायला सोपी आहे, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. माझ्या मते तिचा खरा साधेपणा ती ज्या रीतीने चालते त्यात आहे. ब्राउझरकडून विनंती आली की स्क्रिप्ट सुरू होते, डेटाबेसमधून हवे ते वाचते, एचटीएमएल तयार करून पाठवते आणि संपते. त्या विनंतीपुरती घेतलेली स्मृती, उघडलेल्या फायली, व्हेरिएबल्स हे सर्व पाटी पुसावी तसे पुसले जाते आणि पुढची विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते. म्हणून वर्गणीच्या पानावरील चूक वर्गणीच्या पानापुरती राहते आणि त्याच वेळी देवघेवीच्या टेबलावर चाललेले काम थांबत नाही. जो प्रोग्राम महिनोन्‌महिने अखंड चालत राहतो, त्यात थोडी थोडी स्मृती अडकत जाते, किंवा एका सभासदाची माहिती चुकून सामाईक व्हेरिएबलमध्ये राहून दुसऱ्याला दिसते. असे दोष शोधायला अनुभवी माणूस लागतो, आणि लहान संस्थेकडे नेमका तोच नसतो.

दुसरे कारण बदलाच्या सोपेपणाचे आहे. समजा, वर्गणीच्या पावतीवर वाचनालयाच्या वेळा बदलून छापायच्या आहेत. पावतीची फाईल उघडावी, ओळ बदलावी, फाईल सर्व्हरवर चढवावी, की पुढची पावती नव्या मजकुराची निघते. ऑपकॅश (वाचून तयार केलेला कोड स्मृतीत जपून ठेवणारी पीएचपीची सोय) सुरू असला तरी मूळ मांडणीत तो दर दोन सेकंदांनी फाईल बदलली आहे का ते पाहतो, त्यामुळे सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागत नाही. मधे बांधणीची कोणतीही पायरी नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईतील अशा संस्थांपैकी काही शंभरी ओलांडलेल्या आहेत. त्यांचे सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस मात्र चार वर्षांत नोकरी बदलतो, पुण्याला किंवा परदेशी जातो. त्यानंतर जो कोणी येईल, मग तो बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी का असेना, त्याला फाईल उघडून ‘हे पान येथे तयार होते’ असे बोट ठेवून सांगता आले पाहिजे. पीएचपीत पानाचा पत्ता आणि फाईलचे नाव एकच ठेवता येते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

परळ_टेक

तुमचा हेतू पटतो, तरी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवतो. नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) २००९ पासून आहे आणि पायथन भाषेतील जॅंगो हे फ्रेमवर्क (ॲप्लिकेशनचा आयता सांगाडा) २००५ पासून, म्हणजे दोन्ही आता मुरलेली साधने आहेत. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट लिहावीच लागते, मग सर्व्हरवरही तीच भाषा ठेवली तर नव्या माणसाला एकच भाषा शिकावी लागेल. जॅंगोत तर नोंदी भरण्याची व्यवस्थापकीय पाने जवळजवळ आयती मिळतात, आणि वाचनालयाचे निम्मे काम तेवढ्यातच होईल.

पीएचपीच्या अंगभूत फंक्शन्सची विसंगतीही नजरेआड करता येणार नाही. मजकुरात मजकूर शोधणाऱ्या स्ट्रपॉसला आधी पूर्ण मजकूर आणि मग शोधायचा तुकडा द्यावा लागतो, तर यादीत शोधणाऱ्या इन_ॲरेला आधी शोधायची वस्तू आणि मग यादी. शिवाय दुहेरी बरोबर चिन्हाच्या तुलनेत शून्य आणि कोणताही अक्षरी मजकूर समान ठरत असे. हा प्रकार २०२० च्या ८.० आवृत्तीत बंद झाला, परंतु तोपर्यंत लिहिलेला कोड अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे.

गिरगावकर

फंक्शन्सच्या विसंगतीबद्दल आपले म्हणणे खरे आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती भाषा वाढत गेली तशीच घडली. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ मध्ये स्वतःच्या पानांसाठी केलेली साधने लोकांसमोर ठेवली, आणि १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी अँडी गुटमन्स व झीव सुरास्की यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला. आधी ठरवून आखलेली भाषा ती कधीच नव्हती. संपादकात फंक्शनचे नाव लिहिताच त्याचा क्रम दिसतो, म्हणून रोजच्या कामात याचा जाच कमी होतो, एवढेच म्हणतो.

जॅंगोच्या व्यवस्थापकीय पानांचा मुद्दा वजनदार आहे. संस्थेकडे स्वतःचा सर्व्हर सांभाळणारा माणूस असता, तर मी त्याचा गांभीर्याने विचार केला असता. नोड किंवा पायथनमधील ॲप्लिकेशन ही आपण स्वतः चालू ठेवायची प्रक्रिया असते. ती बंद पडली तर पुन्हा सुरू करणारी व्यवस्था आपण लावायची, तिच्यापुढे वेब सर्व्हर आपण उभा करायचा आणि तिच्या नोंदी आपणच पाहायच्या. पीएचपीतही स्क्रिप्ट चालवणारी पीएचपी-एफपीएम ही प्रक्रिया असतेच, परंतु सामाईक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे ठेवणाऱ्या सेवेवर) ती होस्टिंग कंपनी सांभाळते आणि आपल्याकडे फक्त फायली व डेटाबेस उरतो. रविवारी संध्याकाळी संकेतस्थळ बंद पडले तर कार्यकारिणीच्या सचिवांनी कोणाला फोन करायचा, याचे उत्तर ज्या रचनेत सोपे आहे ती रचना मला हवी आहे.

विलेपार्ले_पूर्व

मुळात नवे ॲप्लिकेशन लिहायचेच कशासाठी? कोहा आहे, एनआयसीचे (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राचे) ई-ग्रंथालय आहे. वाचनालयासाठी तयार सॉफ्टवेअर असताना हा खटाटोप का करावा, हे कळले नाही.

गिरगावकर

प्रश्न योग्य आहे. कोहा उत्तम आहे, परंतु ती पर्ल या भाषेत लिहिलेली आहे, तिला स्वतंत्र लिनक्स सर्व्हर लागतो आणि तिची सूची मार्क या ग्रंथालयांच्या तपशीलवार प्रमाणित नोंदपद्धतीची आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला ते शोभते. आमच्याकडे दाखल नोंदवहीतील रकाने, मासिकांची वेगळी वर्गणी आणि दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना एवढेच आहे. इंडोनेशियात तयार झालेली स्लिम्स ही मुक्त प्रणाली पीएचपीतच लिहिलेली आहे, तीही आम्ही पाहत आहोत. ती स्वीकारली तरी तिच्यात आमच्यापुरते बदल करणारा माणूस पीएचपी जाणणाराच लागेल, म्हणून या धाग्याचा प्रश्न तेव्हाही शिल्लक राहतो.

चारकोपकर

मी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो, त्यामुळे सुरक्षेबद्दल लिहितो. पीएचपी असुरक्षित आहे असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही, परंतु हा समज उगाच पसरलेला नाही. पूर्वी रजिस्टर_ग्लोबल्स नावाची सोय होती. पानाच्या पत्त्यात कोणी काहीही लिहिले तरी ते थेट प्रोग्राममधील व्हेरिएबल होत असे. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ती सोय मूळ मांडणीत बंद ठेवली गेली आणि २०१२ च्या ५.४ मध्ये कायमची काढून टाकली. डेटाबेससाठीची जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स २०१५ च्या ७.० मध्ये गेली. भाषेने स्वतःला बरेच सुधारले आहे. अडचण अशी की इंटरनेटवर शोधले तर आजही पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे धडे सापडतात, आणि नवशिक्या माणूस त्यांतूनच कोड उचलतो.

वाचनालयाचेच उदाहरण घेऊ. सूचीतील शोधाच्या चौकटीत वाचक पुस्तकाचे नाव लिहितो. ते नाव जसेच्या तसे एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेच्या) वाक्यात जोडले, तर नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे स्वतःचे एसक्यूएल लिहिणारा माणूस सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक वाचू शकतो. पीडीओ (पीएचपीला डेटाबेसशी जोडणारी सोय) वापरून वाक्य आधी तयार करावे आणि नाव मागाहून वेगळे द्यावे, म्हणजे डेटाबेस त्या नावाकडे केवळ मजकूर म्हणून पाहतो. पीडीओ २००५ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे याला आता सबब उरलेली नाही. पानावर मजकूर छापताना तो एचटीएमएलची खास चिन्हे निरुपद्रवी करणाऱ्या एचटीएमएल-स्पेशलचार्समधून नेला पाहिजे. पासवर्ड साठवताना ५.५ पासून असलेले पासवर्ड_हॅश वापरावे, सहज फोडता येणाऱ्या जुन्या एमडी५ पद्धतीला हातही लावू नये. सभासदांची छायाचित्रे ज्या फोल्डरमध्ये चढवली जातात, तेथे पीएचपी चालणार नाही अशी मांडणी करावी, कारण चित्र म्हणून चढवलेली पीएचपी फाईल पत्ता टाकून चालवणे हा हल्ल्याचा फार जुना आणि अजूनही लागू पडणारा मार्ग आहे.

आवृत्तीबद्दल विशेष आग्रहाने सांगतो. ५.६ ला मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या २०१८ अखेर थांबल्या आणि ७.४ च्या नोव्हेंबर २०२२ मध्ये. आताच्या धोरणानुसार प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षे पूर्ण आणि नंतर दोन वर्षे केवळ सुरक्षेपुरता आधार मिळतो. म्हणजे ‘एकदा करून टाकले’ असे या कामात होत नाही, आणि कार्यकारिणीने आवृत्ती बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत हा खर्च दरवर्षी पुढे ढकलला गेला. शेवटी होस्टिंग कंपनीने जुनी आवृत्ती काढून टाकल्यावर सर्व पाने एका दिवसात बंद पडली.

अक्षरजुळणी

मराठीच्या दृष्टीने काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण लहान संस्थांच्या ॲप्लिकेशनांत सर्वाधिक दोष येथेच राहतात.

‘मुंबई’ हा शब्द घ्या. पीएचपीत स्ट्रलेनने त्याची लांबी मोजली तर उत्तर १५ येते, एमबी_स्ट्रलेनने ५ येते आणि ग्राफीम_स्ट्रलेनने ३ येते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी पाच चिन्हे आहेत, म्हणून बाइट पंधरा होतात. वाचणाऱ्याला मात्र ‘मुं’, ‘ब’ आणि ‘ई’ अशी तीनच अक्षरे दिसतात. ज्याने साध्या सबस्ट्रने पुस्तकाचे नाव ठरावीक लांबीवर तोडले, त्याच्या यादीत नावाच्या शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसणार. एमबी_सबस्ट्र वापरले तर चौकोन येत नाही, पण ‘मुंबई’तील ‘मुं’चा अनुस्वार गळून ‘मु’ राहू शकतो. नावे ग्राफीम फंक्शन्सनेच तोडावीत. ती इंटल या विस्तारात असतात, म्हणून होस्टिंग घेताना एमबीस्ट्रिंग आणि इंटल दोन्ही चालू आहेत का, हे आधी विचारावे.

डेटाबेसमध्ये यूटीएफ८एमबी४ हाच प्रकार निवडावा. मायएसक्यूएलमध्ये नुसते यूटीएफ८ असे जे जुने नाव आहे, त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी त्यात मावते, त्यामुळे सारे सुरळीत आहे असे वाटत राहते. एखाद्या दिवशी वाचक अभिप्रायात चार बाइटचे भावचिन्ह टाकतो आणि नोंद नाकारली जाते, किंवा मांडणी ढिली असेल तर तेथून पुढचा मजकूर तुटतो.

शोधाचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘ऱ’ हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ला खाली नुक्ता देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पीएचपीच्या तुलनेत मात्र ती वेगळी ठरतात. इंटलमधील नॉर्मलायझर त्यांना एकरूप करतो. परंतु ‘ऱ्य’ लिहिताना काही कळफलक ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह टाकतात, ते नॉर्मलायझरच्या आवाक्यात येत नाही. तीच गोष्ट ‘ॲ’ची आहे. काही जण ते एका चिन्हाने लिहितात, तर काही जण ‘अ’ला अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र लावून. यासाठी बदलांची छोटी यादी स्वतः करावी लागते, आणि ती नोंद साठवताना व शोधताना अशी दोन्ही वेळा एकाच फंक्शनमधून लावावी लागते. पीएचपीत हे फंक्शन जेमतेम पंधरा ओळींचे होते. ते न केल्यास ‘दुसऱ्या’ हा शब्द नावात असलेले पुस्तक कपाटात असूनही सूचीत सापडत नाही, आणि वाचक हात हलवत परत जातो.

मुलुंडचा_वाचक

सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत. दोन प्रश्न आहेत. परतीची तारीख उलटल्यावर सभासदांना आपोआप ईमेल जाईल का? आणि हातातील जुनी सूची स्प्रेडशीटमध्ये असेल, तर ती आत कशी घ्यायची?

गिरगावकर

ईमेल जाईल. सामाईक होस्टिंगवर क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप काम चालवण्याची) सोय असते, तिच्यातून रोज सकाळी एक स्क्रिप्ट चालवायची. तिने परतीची तारीख उलटलेल्या नोंदी शोधून पत्रे पाठवायची. त्या स्क्रिप्टमध्ये वेळेचा पट्टा आशिया/कोलकाता असा नमूद करायला विसरू नये. सर्व्हरवर तो बहुधा जागतिक प्रमाणवेळेचा असतो, आणि मग पहाटे साडेपाचपर्यंत आदल्या दिवसाचीच तारीख धरली जाते. ईमेल पीएचपीच्या मेल फंक्शनने न पाठवता एसएमटीपीने (मेल सर्व्हरशी थेट जोडणी करून) पाठवावे, नाहीतर पत्रे स्पॅममध्ये जाऊन पडतात.

सूची आत घेताना पीएचपीच्या मूळ मर्यादा आडव्या येतात. फाईल चढवण्याची मर्यादा २ एमबी, स्क्रिप्ट चालण्याची ३० सेकंद आणि स्मृतीची १२८ एमबी अशी असते. या मर्यादा मला दोष वाटत नाहीत, एका फसलेल्या पानाने सारा सर्व्हर अडवू नये यासाठीच त्या आहेत. मोठी यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) करून कमांड लाइनवरून आत घ्यावी, तेथे वेळेची मर्यादा लागू होत नाही. यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असेल, तर रूपांतर आधी करावे आणि ते दाखल नोंदवहीशी ताडून पाहावे. हे काम माणसानेच करायचे आहे. त्याला लागणारा वेळ प्रस्तावांत कोणीच धरलेला नाही, याची मला काळजी वाटते.

सर्व्हर कोठे असावा हेही आमच्याकडे विचारले गेले. मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे मुंबईत आहेत, ॲमेझॉनचे २०१६ पासून आहे. आमच्या कामाला तेवढ्या क्षमतेची गरज नाही, परंतु सभासदांची वैयक्तिक माहिती देशातच राहावी अशी कार्यकारिणीची इच्छा असल्याने भारतातील होस्टिंगच घेऊ.

परळ_टेक

साधी पीएचपी कोठे अपुरी पडते, तेही या धाग्यात नोंदवले गेले पाहिजे. सतत उघडी राहणारी जोडणी लागते अशी कामे, म्हणजे थेट गप्पा किंवा क्षणोक्षणी बदलणारे फलक, विनंती संपताच संपणाऱ्या स्क्रिप्टच्या स्वभावात बसत नाहीत. त्यासाठी स्वूल, रिॲक्टपीएचपी अशी साधने आहेत, पण ती घेतली की तुम्ही सांगितलेला साधेपणाही जातो. दुसरे असे की प्रत्येक विनंतीला पाटी कोरी असल्याने डेटाबेसची जोडणी, मांडणी वाचणे हे सर्व पुन्हा पुन्हा करावे लागते. ऑपकॅश २०१३ पासून भाषेसोबतच येतो आणि ७.० नंतर वेग लक्षणीय वाढला, हे मान्य आहे. तरी जड फ्रेमवर्क घेतले तर दर विनंतीला त्याचा भार उचलावा लागतोच. तुम्ही लाराव्हेल किंवा सिम्फनी असे पीएचपीतील फ्रेमवर्क घेणार, की सारे हाताने लिहिणार?

वाचनालयाला यांपैकी थेट जोडणीची गरज नाही, हे मात्र मान्य करतो. विकिपीडियासारखा प्रकल्प २००२ पासून पीएचपीवर चालतो, तेव्हा वाचनाचा भार हा काही तुमच्यापुढचा प्रश्न नाही.

गिरगावकर

यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. पूर्ण फ्रेमवर्क घेतले तर शिस्त आयती मिळते, परंतु फ्रेमवर्कची आवृत्तीही भाषेच्या आवृत्तीसारखी सांभाळावी लागते, म्हणजे देखभालीच्या दोन घड्याळांकडे लक्ष ठेवावे लागते. पंचवीस-तीस पानांच्या ॲप्लिकेशनसाठी मला ते नको आहे. सर्व एसक्यूएल एका फोल्डरमध्ये, सर्व एचटीएमएल दुसऱ्यात, आणि ब्राउझरला दिसणारी पाने एका सार्वजनिक फोल्डरमध्ये असावीत, डेटाबेसचा पासवर्ड त्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर असावा, आणि ईमेलसारख्या कामापुरत्या लायब्ररी कंपोझर या लायब्ररी आणून देणाऱ्या साधनाने घ्याव्यात, एवढे नियम आम्ही ठरवले आहेत. चारकोपकरांनी सांगितलेले सुरक्षेचे सर्व मुद्दे कंत्राटात अट म्हणून जातील. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या नावावर, कोड संस्थेच्या मालकीचा, आणि रोजची प्रत दुसऱ्या जागी साठवून दर तीन महिन्यांनी ती प्रत्यक्ष उभी करून दाखवणे, याही अटी त्यात असतील.

अक्षरजुळणी

कंत्राटात आणखी एक अट घाला. आकडे देवनागरीत लिहिले तरी ते स्वीकारले गेले पाहिजेत. देवघेवीच्या टेबलावर बसणारे कर्मचारी मराठी कळफलकावरून वर्गणीची रक्कम ‘१२०’ अशी लिहितील, आणि पीएचपीत त्याचे पूर्णांकात रूपांतर केले तर उत्तर शून्य येते, कारण रूपांतर फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) ओळखते. कोणतीही सूचना न देता पावती शून्य रुपयांची निघेल. अर्ज हाती येताच स्ट्रटीआर या चिन्हे बदलणाऱ्या फंक्शनने दहाही आकडे बदलून घ्यावेत, आणि बदलल्यानंतरही रक्कम अंकी नसेल तर नोंद नाकारून कर्मचाऱ्याला स्पष्ट संदेश दाखवावा. दाखल क्रमांक मात्र संख्या न धरता मजकूर म्हणूनच साठवा. जुन्या नोंदवह्यांत क्रमांकापुढे ‘अ’, ‘ब’ लावून मागाहून घुसवलेली पुस्तके हमखास असतात.

गिरगावकर

आमच्या नोंदवहीत तशी पुस्तके आहेत, विशेषतः देणगीतून आलेली. दोन्ही अटी आजच मसुद्यात घालतो. शोधासाठी अक्षरे एकरूप करणारे ते फंक्शन आपण येथे दिलेत, तर इतर वाचनालयांनाही त्याचा उपयोग होईल.